पसंतीचे आकडे आणि प्रकृतीचे आकडे

गतवर्षीच्या एप्रिलमधील ही गोष्ट आहे. शहाडमधील माझ्या दवाखान्याची सकाळची वेळ संपत आली असताना बाहत्तर वर्षांचे एक गृहस्थ सूनबाईंच्या खांद्यावर हात ठेवून आत आले. चौदा वर्षांचा मधुमेह आणि रक्तदाबाची रोजची गोळी असलेले हे माझे जुने रुग्ण. मी त्यांना काका म्हणतो. त्यांच्या उजव्या पावलाला फडके गुंडाळलेले होते. ते सोडले तेव्हा चवड्याखाली रुपयाच्या नाण्याएवढा फोड फुटून झालेली जखम दिसली. "दुखत नाही हो डॉक्टरसाहेब, फरशीवर डाग दिसले म्हणून हीच घाबरली," काका म्हणाले. दुखत नव्हते, हीच काळजीची बाब होती. दीर्घकाळच्या मधुमेहाने तळपायाच्या संवेदना मंदावल्या होत्या.

चौकशी करता कळले की, काका चार दिवसांपासून मुरबाड रस्त्याच्या कडेने अनवाणी चालत होते. देवदर्शन, वर्तमानपत्र, चहा असे करता करता घरी परतताना साडेनऊ-दहा वाजत आणि तोवर डांबर तापलेले असे. मी आवाज चढवून विचारले, "हे खूळ कोणी डोक्यात घातले तुमच्या?" काका खाली पाहू लागले. सूनबाईंनी काही न बोलता मोबाइल माझ्यापुढे धरला. दवाखान्याच्या रुग्णांसाठी केलेल्या व्हॉट्सअॅप गटावर एक चित्रफीत होती. साडी नेसलेली एक वृद्धा अनवाणी पायांनी मुलासोबत महामार्गावर धावते आहे, आणि खाली ओळ आहे, 'वय हा केवळ आकडा आहे. काका-काकूंनो, उठा!'

ती चित्रफीत आणि ती ओळ गटावर मीच पाठवली होती.

आजचा लेख त्या प्रसंगातून सुचला आहे. पडद्यावर लाखो लोकांच्या पसंतीस उतरलेला खेळाडू आणि आपल्या घरातील सत्तरीचा माणूस यांच्यामधले अंतर आपण कसे मोजावे, याविषयी तुमच्याशी बोलायचे आहे.

चित्रफितीतील मायलेक

त्या चित्रफितीतील मुलगा म्हणजे मिलिंद सोमण आणि वृद्धा म्हणजे त्यांच्या मातोश्री उषाताई सोमण. २०१६ मध्ये मिलिंद सोमण अहमदाबादहून मुंबईकडे धावत निघाले होते. महाराष्ट्रात आल्यावर उषाताई काही अंतर त्यांच्यासोबत धावल्या आणि ते दृश्य देशभर पाहिले गेले. २०२० मध्ये आपल्या ८१व्या वाढदिवशी साडी नेसून पंधरा पुश-अप काढतानाचे त्यांचे चित्रणही असेच घरोघरी पोहोचले.

मिलिंद सोमण यांनी जुलै २०१५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे 'आयर्नमॅन' ही ट्रायथलॉन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली. ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन प्रकार सलग करण्याची शर्यत. आयर्नमॅनमध्ये ३.८ किलोमीटर पोहायचे, १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवटी ४२.२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन धावायची. शहाडच्या वाचकांसाठी सांगायचे तर केवळ सायकलीचा टप्पाच येथून नाशिक गाठून परतीची बरीच वाट संपवण्याएवढा आहे. पुढे २०१७ मध्ये त्यांनी अमेरिकेतील फ्लोरिडा येथे तीन दिवसांची 'अल्ट्रामॅन' शर्यतही पूर्ण केली.

आज इन्स्टाग्रामवर त्यांचे दहा लाखांहून अधिक अनुयायी आहेत. तरीही ते व्यावसायिक ट्रायथलॉनपटू नाहीत, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. १९९५ च्या 'मेड इन इंडिया' या गाण्याच्या चित्रफितीने त्यांचा चेहरा घराघरांत पोहोचला होता. आधी ओळखीचा चेहरा आणि मग त्या चेहऱ्याची कठोर कसरत, या क्रमाने ही लोकप्रियता आली.

न दिसणारे खेळाडू

आता एक छोटी परीक्षा घेतो. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रायथलॉनमध्ये महिलांमधून भारताचे प्रतिनिधित्व कोणी केले? महाराष्ट्राची संजना जोशी आणि अहमदाबादची प्रज्ञा मोहन यांनी. ही नावे तुम्हांला ठाऊक नसतील तर त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. मलाही हा लेख लिहायला बसेपर्यंत ठाऊक नव्हती. पुण्याचे जलतरणपटू आणि प्रशिक्षक कौस्तुभ राडकर यांनी आयर्नमॅन वीसहून अधिक वेळा पूर्ण केली आहे. आपल्या कसारा मार्गाने पुढे गेल्यावर लागणाऱ्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' या सुमारे ४,८०० किलोमीटरच्या सायकल शर्यतीत उतरले आणि नऊ दिवसांच्या आत त्यांनी ती पूर्ण केली. चित्रतारकांच्या मानाने यांना ओळखणारे किती?

जगातही हेच चित्र आहे. ट्रायथलॉन २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये समाविष्ट झाली. टोकियोत नॉर्वेचा क्रिस्टियन ब्लूमेनफेल्ट आणि पॅरिसमध्ये ब्रिटनचा अॅलेक्स यी हे पुरुष गटाचे सुवर्णविजेते. विराट कोहली यांच्या इन्स्टाग्राम अनुयायांची संख्या पंचवीस कोटींच्या पुढे आहे. या दोन्ही ऑलिंपिक विजेत्यांची संख्या त्याच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंतही पोहोचत नाही.

यामागे त्या खेळाडूंची काही उणीव नाही. क्रिकेटचा सामना एका मैदानात होतो, कॅमेरा फलंदाजाच्या चेहऱ्यावर स्थिरावतो आणि दोन चेंडूंमध्ये गप्पांना सवड मिळते. ट्रायथलॉनमध्ये खेळाडूचा चेहरा आधी पोहण्याच्या टोपीखाली आणि गॉगलमागे, मग शिरस्त्राणाखाली झाकलेला असतो. मार्ग कित्येक किलोमीटर पसरलेला असतो आणि लांब पल्ल्याची शर्यत तासन् तास चालते. पडद्यावर तीस सेकंदांत मावेल असे तिच्यात फारसे काही नसते. समाजमाध्यमांची यंत्रणा तर लोक कोणती चित्रफीत किती वेळ पाहतात आणि किती जण ती पुढे पाठवतात, यावरून ती आणखी कोणाला दाखवायची हे ठरवते. साहजिकच ओळखीचा चेहरा, चटकन समजणारी कथा आणि नजरेत भरणारे शरीर यांना झुकते माप मिळते.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे हे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक मिळाले आणि एका दिवसात राज्यभर त्यांचे नाव झाले. खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पदकाच्या आदल्या सकाळी त्यांचे कौशल्य तितकेच होते आणि त्यामागची अनेक वर्षांची साधनाही तितकीच होती. वाढले होते ते पाहणाऱ्यांचे प्रमाण. पसंतीचा आकडा हे पाहणाऱ्यांचे मोजमाप आहे. खेळाडूच्या क्षमतेचा अंदाजही त्यातून नीट येत नाही, मग तुमच्या-माझ्या गुडघ्यांविषयी आणि हृदयाविषयी तो काय सांगणार?

चित्रफितीबाहेर राहिलेली वर्षे

माझी चूक नेमकी येथे झाली. मी तीस सेकंद पाहिली आणि त्यामागची वर्षे पाहिली नाहीत. मिलिंद सोमण हे ऐंशीच्या दशकात राष्ट्रीय जलतरण विजेते होते. पन्नाशीतील आयर्नमॅनमागे लहानपणापासून कमावलेली फुप्फुसे आणि स्नायू होते. उषाताईंनीही अनेक वर्षे डोंगरवाटा तुडवल्या आहेत. त्यांनी 'उद्यापासून तुम्हीही अनवाणी धावा' असे माझ्या काकांना सांगितले नव्हते. 'उठा' हा आदेश मी जोडला होता, आणि तोही गटातील कोणाला कोणता आजार आहे हे ठाऊक असताना.

परदेशातील दोन उदाहरणे पाहा. अमेरिकेतील जोगीण सिस्टर मॅडोना ब्युडर यांनी २०१२ मध्ये ८२व्या वर्षी आयर्नमॅन पूर्ण केली. धावायला मात्र त्यांनी पन्नाशीच्या आतच आरंभ केला होता. जपानचे हिरोमु इनादा यांनी आजारी पत्नीच्या शुश्रूषेसाठी साठाव्या वर्षी नोकरी सोडली आणि त्याच काळात ते पोहू लागले. सत्तराव्या वर्षी त्यांनी पहिली ट्रायथलॉन केली आणि २०१८ मध्ये, ८५व्या वर्षी, हवाई बेटावरील आयर्नमॅन जागतिक स्पर्धा पूर्ण केली. पोहायला लागल्यापासून तेथवर पंचवीस वर्षे गेली. घरातील आजारी माणसाची सेवा करणाऱ्या वाचकांनी इनादांच्या कथेचा पूर्वार्ध विशेष लक्षात ठेवावा. सेवेच्या धकाधकीतही त्यांनी स्वतःच्या शरीरासाठी थोडा वेळ राखला होता.

ज्या गोष्टींची नक्कल धोक्याची ठरते

गेल्या काही वर्षांत चित्रफिती पाहून केलेल्या व्यायामामुळे जे त्रास माझ्याकडे आले, त्यांतील काही येथे नोंदवतो.

अनवाणी चालणे: मधुमेह असेल तर पायाच्या संवेदनेची तपासणी झाल्याखेरीज घराबाहेर अनवाणी पाऊल टाकू नये. एका बारीक नायलॉन तंतूने होणारी ही तपासणी दोन-तीन मिनिटांची आहे. संवेदना कमी आढळल्यास घरातही मऊ चप्पल वापरावी.

प्लँक आणि पुश-अप: शरीर फळीसारखे ताठ धरताना स्नायू सतत आवळलेले राहतात आणि रक्तदाब वाढतो. त्यात श्वास रोखला तर तो आणखी चढतो. रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे प्रकार करू नयेत. भिंतीला हात टेकून केलेले सौम्य पुश-अप बहुतेकांना झेपतात. मात्र ते करताना श्वास चालू ठेवावा.

उपाशीपोटी लांब फेरी: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकाएकी उतरू शकते. थरथर, घाम, भोवळ किंवा असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. खिशात साखरेची पुडी किंवा गोळ्या आणि नाव-पत्त्याची चिठ्ठी असावी.

मनगटी घड्याळातील नाडी: मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल यांसारख्या औषधांनी नाडीचा वेग मुळातच रोखलेला असतो. त्यामुळे 'नाडी इतकी झालीच पाहिजे' हा चित्रफितीतील नियम अशा रुग्णांना लागू होत नाही. त्यापेक्षा बोलण्याची कसोटी वापरावी. चालताना सलग वाक्य बोलता येते, परंतु गाणे म्हणता येत नाही, एवढा वेग पुरेसा आहे.

चालताना वा व्यायाम करताना छातीत दाब, जबडा किंवा हातात कळ, थंड घाम, नेहमीपेक्षा निराळी धाप किंवा डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही जाणवले तर तेथेच थांबावे, बसावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. 'घरी जाऊन बघू' असे म्हणून चालत राहू नये.

तुमचे स्वतःचे आकडे

मग उतारवयात कोणत्या आकड्यांकडे पाहावे? तीन आकडे घरच्या घरी काढता येतात. ते काढताना घरातील एखादी व्यक्ती जवळ उभी असलीच पाहिजे.

पहिला आकडा खुर्चीचा. हात नसलेली, सुमारे सतरा इंच उंच, मजबूत खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर आडवे घ्या आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजा. सत्तर ते चौऱ्याहत्तर या वयात पुरुषांची संख्या बाराहून कमी आणि स्त्रियांची दहाहून कमी आली, तर पायांची ताकद घटल्याचे व पडण्याचा धोका वाढल्याचे मानले जाते. पंच्याहत्तर ते एकोणऐंशी या वयात हे आकडे अनुक्रमे अकरा आणि दहा आहेत.

दुसरा आकडा उठून चालण्याचा. खुर्चीतून उठा, नेहमीच्या चालीने तीन मीटर जा, वळा, परत येऊन बसा. यास बारा सेकंद किंवा अधिक लागत असतील तर तोल आणि ताकद या दोहोंकडे लक्ष द्यावयास हवे.

तिसरा आकडा एका पायावर उभे राहण्याचा. ओट्याजवळ किंवा भिंतीजवळ उभे राहा, म्हणजे गरज पडताच आधार घेता येईल. ब्राझीलमधील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५१ ते ७५ वयोगटातील १,७०२ व्यक्तींना दहा सेकंद एका पायावर उभे राहण्यास सांगितले होते. ज्यांना ते जमले नाही, त्यांच्यात पुढील काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. यावरून घाबरून जाऊ नये. तोल ढळणे हे बहुधा इतर दुखण्यांचे दर्शक असते, आणि सरावाने तो सुधारतोही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम वेगाची हालचाल करावी, किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम करावेत, आणि तोल व ताकद वाढवणारे विविध प्रकार तीन किंवा अधिक दिवस करावेत. एवढे जमत नसेल तर जितके जमेल तितके करावे, असेही त्यात सांगितले आहे. बिर्ला मंदिराच्या विठ्ठलाचे दर्शन घेऊन रमतगमत परतणे, खुर्चीतून दहा-बारा वेळा उठणे, पोळ्या झाल्यावर ओटा धरून टाचा वर उचलणे या साऱ्या गोष्टी या हिशेबात धरता येतात. त्यांची चित्रफीत कोणी पाहणार नाही, परंतु पायऱ्या चढताना त्यांचा उपयोग होतो.

घरातील माणसांसाठी

सेवा करणाऱ्या मुला-सुनांना आणि लेकी-जावयांना एक विनंती आहे. आई-बाबांनी उत्साहाने एखादी चित्रफीत दाखवली तर हसू नका आणि "या वयात कशाला?" असे म्हणू नका. काकांच्या सूनबाई मला नंतर म्हणाल्या, "डॉक्टर, बाबा किती वर्षांनी आपणहून बाहेर पडले होते. मला त्यांना अडवावेसे वाटले नाही." त्यांचे म्हणणे खरे होते. तो उत्साह मौल्यवान होता. त्याला योग्य वाट दाखवण्याचे काम माझे होते.

अशा वेळी सोबत बसून तीन प्रश्न विचारावेत. हा माणूस हे किती वर्षांपासून करीत असावा? आपल्याला असलेला कोणता आजार त्याला नसेल? आणि हे करताना चुकले, तर आपल्या बाबतीत काय होऊ शकते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल, तर चित्रफीत घेऊन डॉक्टरांकडे यावे. माझ्याकडे आता अशा चित्रफिती घेऊन लोक येतात आणि त्यांचे मी स्वागत करतो. त्याखेरीज मधुमेही व्यक्तीचे तळपाय रोज रात्री पाहावेत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा.

काकांची जखम भरून यायला दहा आठवडे लागले. कल्याणच्या शल्यचिकित्सकांनी वेळीच साफसफाई केली, पावलावरचा भार काढणारी चप्पल दिली, आणि बोट गमावण्याची वेळ आली नाही. त्या दहा आठवड्यांत काकांच्या मांड्या मात्र बारीक झाल्या. बरे झाल्यावर पहिल्यांदा खुर्चीची चाचणी घेतली, तेव्हा तीस सेकंदांत ते सहा वेळाच उठू शकले. आज हा आकडा अकरावर आहे. बाराचा टप्पा अद्याप बाकी आहे आणि काकांना त्याची घाई आहे. मी त्यांना घाई करू देत नाही. बूट-मोजे घालून ते सकाळी सातच्या आत फिरून येतात.

व्हॉट्सअॅप गटावर मी माझी चूक लिहून टाकली. 'मागील महिन्यात पाठवलेली चित्रफीत प्रेरणेसाठी होती. ती पाठवताना मी कोणाचीही प्रकृती विचारात घेतली नव्हती. कोणताही नवा व्यायाम सुरू करण्यापूर्वी मला भेटा, त्यासाठी तपासणी शुल्क नाही.' या संदेशाला गटातील दोनशेपैकी नऊ जणांनी अंगठा दाखवला. पुढील पंधरवड्यात एकतीस जण प्रत्यक्ष भेटावयास आले, आणि त्यांपैकी चौघांच्या तळपायाची संवेदना कमी आढळली. त्यांना स्वतःला त्याची कल्पना नव्हती.

मिलिंद सोमण आणि उषाताई यांच्या चित्रफिती मी आजही पाहतो आणि मला आनंदच होतो. तुम्हीही अवश्य पाहा. त्यानंतर भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या, घरातील कोणाला तरी घड्याळ धरायला सांगा आणि आपला आकडा औषधांच्या फाइलच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल, तेव्हा तो त्यांना दाखवा.